बोलून मोकळा

“वहिनी, त्या माणसाचं बोलणं ऐकून घरी आलीस ना, की आधी चूळ भर, घोटभर पाणी पी, आणि मग स्वतःला विचार, तो नक्की म्हणाला काय,” असं नणंदेनं मला बजावलं होतं आणि मी ते हसून सोडून दिलं होतं. नणंद आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते, एकटी, आणि तिच्या एकटेपणाबद्दल कुणी हळहळलं तर त्याला दारातूनच वाटेला लावते. ती मला वहिनी म्हणते, मी तिला वन्सं म्हणते. दोघीही थट्टेनं, कारण जगातल्या नणंद-भावजयींसारख्या वागायला गेलो असतो तर एव्हाना एकीनं बिऱ्हाड हलवलं असतं. मागच्या निवडणुकीत तिनं त्या माणसाच्या, म्हणजे आमच्या नगरसेवकाच्या, कचेरीत फोनवर बसायचं काम केलं होतं. मला वाटलं, तिथलंच काहीतरी जुनं खुसपट असेल. सोडून आलेली कचेरी कुणालाच गोड लागत नाही. शिवाय त्या दिवशी मी आनंदात होते, आणि आनंदात असलेल्या बाईला कुणी चूळ भरायला सांगितलं तर ती हसणारच.

आनंदाचं कारण रस्ता. आमच्या इमारतीचं फाटक आणि शाळेचं फाटक समोरासमोर आहेत, मध्ये फक्त तो रस्ता. अरुंद, एका अंगाला उखडलेला, आणि टोकाला गोदाम. गोदामात ट्रक नाक खुपसून शिरतात आणि तिथे वळायला जागा नसल्यामुळे पाठमोरेच बाहेर येतात, सगळा रस्ता उलटे, शाळेच्या फाटकावरून, आमच्या फाटकावरून. उलटं येताना त्यांचा तो आवाज होतो, टिटवीनं ओरडावं तसा, थांबून थांबून. माझी मुलगी पहिलीत आहे. चालताना ती जमिनीकडेच बघते, काडी दिसली काडी उचलते, झाकण दिसलं झाकण उचलते, म्हणून घरात तिला सगळे मुंगी म्हणतात. तो आवाज ती हुबेहूब काढते. आंघोळीला, जेवताना, बाहुलीला झोपवताना. तिला तो आवडतो, हीच माझी भीती. ज्या आवाजानं दचकायला हवं तो आवाज तिच्या तोंडात गाण्यासारखा बसला होता. एकदा शाळा सुटताना ती काहीतरी उचलायला वाकली, मी तिचा हात धरलेला होता, आणि तरीही ट्रकचा मागचा कोपरा तिच्या दप्तराला घासून गेला. ती सरळ उभी असती तर, हे वाक्य मी आजवर पुरं केलेलं नाही. दप्तरावर एक काळा ओरखडा राहिला. तिनं तो कौतुकानं सगळ्यांना दाखवला. मी घरी आले, पाणी प्यायले, आणि पेला हातातच ठेवून संध्याकाळपर्यंत ओट्याशी उभी राहिले. तेव्हापासून ती शाळेत असेपर्यंत मी खिडकीशी आणि ती घरात आली की मी तिच्याशी, असं माझं दिवसाचं वेळापत्रक झालं. नवरा म्हणायचा, “अगं, तुझी मान एके दिवशी खिडकीकडे वळलेलीच राहील.” त्याचं काम त्याच गोदामात. कुठला ट्रक कधी आत घ्यायचा, कधी सोडायचा, हे तो ठरवतो. म्हणजे मी ज्याला घाबरते त्याला माझाच नवरा हात दाखवून रस्त्यावर आणतो. हे आम्ही दोघं जाणून होतो आणि दोघंही त्यावर कधी बोललो नव्हतो. संसारात अशी एखादी खोली असते, जिची कडी दोघंही बाहेरून बघतात.

नगरसेवक शाळेत आला तो आम्हा आयांना भेटायला. त्याला सगळे बरोबरसाहेब म्हणतात, तोंडावर नाही. समोरचा काहीही बोलो, “बरोबर आहे तुमचं,” हे त्याचं पहिलं वाक्य. दोन भांडणारे समोर उभे राहिले तर तो दोघांनाही बरोबर म्हणतो आणि दोघंही मान ताठ करून घरी जातात. गोरा, नीट भांग पाडलेला, हात जोडतानाही घड्याळ दिसणार नाही अशा बेतानं जोडणारा. त्यानं आमचं सगळं ऐकलं. माझं दप्तराचं ऐकताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच आलं, मी पहिल्या रांगेत होते. मग तो उठला आणि म्हणाला, “मुलांच्या आयांनो, तुमच्या जिवाला किती घोर आहे ते मला कळतं. हा रस्ता मी मोकळा करणार! शब्द देतो.” आम्ही अशा टाळ्या वाजवल्या की शाळेच्या कौलांवरची कबुतरं उडाली. माझ्या शेजारची आई रडत होती. मोकळा. तो शब्द मी घरापर्यंत जिभेवर ठेवून आणला. मोकळा रस्ता, मोकळी हवा, मोकळे केस, मोकळा हात, ज्या हातात दुसरा हात गच्च धरलेला नाही असा. मुंगी झाली तेव्हा दवाखान्यातली नर्स बाहेर जाऊन म्हणाली होती, “झाली हो मोकळी!” आणि मी आत पडल्या पडल्या घामानं निथळत विचार करत होते, कोण मोकळी? मी तर या क्षणापासून बांधली गेले. त्या ओल्या, सुरकुतलेल्या, मुठी आवळलेल्या जिवाला कुणीतरी माझ्या छातीवर ठेवलं आणि त्याबरोबर एक दोरी माझ्या मणक्याला बांधून दिली. ती दोरी अजून कुणी सोडलेली नाही. आता हा माणूस सोडणार म्हणत होता. नणंद जिन्यात भेटली, मी तिला सांगितलं, आणि ती ते चूळ भरायचं बोलली.

संध्याकाळी नवरा आला तोच शीळ घालत. तो शीळ घालतो म्हणजे काहीतरी मोठं. मुंगी त्याच्या पायाला बिलगली, तिला त्यानं खांद्यावर घेतलं, आणि ताटावर बसेपर्यंत काही बोलला नाही, कारण चांगली बातमी पहिल्या घासाबरोबर सांगायची अशी त्याची खोड. “ऐकलंस का,” तो म्हणाला, “रस्त्याचं काम झालं. बरोबरसाहेब स्वतः गोदामात आले होते. सगळ्यांसमोर शब्द दिला, रस्ता मोकळा करणार!” मी वाढता वाढता ओरडलेच, “अरे, माझ्याकडे तीच बातमी! शाळेतही तेच बोलले!” “काय सांगतेस!” “अगदी हेच. मोकळा करणार म्हणाले.” आम्ही दोघं हसलो. इतक्या दिवसांत आम्ही असे एका सुरात हसलो नव्हतो. मुंगीही हसली, तिला आम्ही हसलो एवढंच पुरलं. तो म्हणाला, “मुकादम तर त्यांच्या पाया पडायचा बाकी होता.” मी म्हणाले, “आमच्यातली एक रडली.” त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. आणि मग मी म्हणाले, “आता हिला हात सोडून शाळेत जाता येईल.” तो घास तोंडाशी नेता नेता थांबला. “म्हणजे?” “म्हणजे ट्रक बंद झाल्यावर.” “ट्रक बंद? अगं, ट्रकसाठीच तर मोकळा करणार. शाळेच्या फाटकासमोरची गर्दी, त्या रिक्षा, तुमच्या त्या आया घोळक्यानं उभ्या असतात, ते सगळं हटवणार म्हणाले. मालक म्हणतो, ट्रकला रस्ता मिळाला नाही तर गोदाम गावाबाहेर नेतो. गेलं गोदाम की माझी नोकरी गेली.” मी पळी हातात धरून उभी. पळीतून थेंब थेंब ताटात पडत होता आणि तो थेंब पडायचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. मुंगीनं आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघितलं आणि सवयीनं, जणू रिकामी जागा भरायला, तिचा तो ट्रकचा आवाज काढला. थांबून थांबून. नवरा तिच्यावर ओरडला. तो तिच्यावर कधी ओरडत नाही.

त्यानंतरचे दिवस आठवायला गेले की मला फक्त भांडी आठवतात. आम्ही एकमेकांशी बोलायचं ते भांड्यांतून. तो पेला ठेवायचा, मी झाकण ठेवायची. माझ्या डोक्यात तो एक शब्द फिरत राहिला, दातात अडकलेल्या धाग्यासारखा. जीभ सारखी तिथेच. कॉलेजात मी भाषा विषय घेतला होता. घरचे म्हणाले होते, व्याकरण शिकून कुणाचं पोट भरलंय? खरंच नाही भरलं. पण आमचे एक सर होते, बोटाला थुंकी लावून पान उलटायचे, ते सांगायचे, “शब्द म्हणजे उपवर माणूस. एकटा असेल तोवर कुठल्याही घरी जाईल. प्रत्यय लागला की त्याचं घर ठरलं.” आम्ही मागच्या बाकावर बसून हसायचो. आता भांडी घासता घासता मला ते आठवलं आणि मी घासणी तशीच हातात धरून उभी राहिले. मोकळा. ट्रकला मोकळा. ट्रकपासून मोकळा. पासून हे खरं तर शब्दयोगी अव्यय, पण काम प्रत्ययाचंच. एक ला आणि एक पासून, आणि मधल्या जागेत माझी मुलगी उभी, माझ्या नवऱ्याची नोकरी उभी. त्या माणसानं आम्हाला प्रत्यय दिलाच नव्हता. तो आम्ही आपापल्या पदरचा लावला होता. त्यानं खोटं बोलण्याचीसुद्धा तसदी घेतली नव्हती. खोटं आम्हीच घरी येऊन पुरं केलं होतं, पहिल्या घासाबरोबर. मला राग यायच्या आधी एक विचित्र सुख झालं. अंधाऱ्या जिन्यात चाचपडताना हाताला दिव्याचं बटण लागावं तसं.

मी नणंदेकडे गेले. ती केसांना रंग लावत बसली होती, कपाळावर काळी रेघ आली होती. तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही, “सांगितलं होतं की नाही?” असंही म्हणाली नाही, हे तिचं मोठेपण. ती म्हणाली, “फोनवर लोक विचारायचे, साहेब आमच्या बाजूनं आहेत ना? आम्हाला शिकवलं होतं, म्हणायचं, साहेब तुमच्यासोबत आहेत. कुणीही असो. एकदा मी विचारलं, साहेब, खरं काय ते एकदा सांगून टाका ना. तर म्हणाले, अगं, सांगून टाकलं की माणूस बांधला जातो.” ब्रश बाजूला ठेवून ती म्हणाली, “तो एका खोलीत एकाच जातीची पाखरं जमवतो, वहिनी. दोन जातींची एका खोलीत कधी बसवत नाही.” मग आरशात बघून, “ही रेघ निघेल ना गं?”

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या कचेरीत गेले. एकटी. बाहेरच्या बाकावर बसले तेव्हा उठून परत जावंसं वाटलं. पण समोरच्या भिंतीवर त्याचा फोटो होता, हसरा, आणि फोटोतसुद्धा तो मला बरोबर आहे तुमचं असंच म्हणत होता. आत गेले. त्यानं खुर्ची पुढे ओढून दिली. “बोला ताई.” “साहेब, रस्ता मोकळा करणार म्हणालात, म्हणजे काय करणार?” “बरोबर आहे तुमचं,” तो म्हणाला, “मोकळा म्हणजे मोकळा.” “ट्रक येणार की नाही?” “ताई, जरा मोकळ्या मनानं घ्या. तुम्ही शिकलेल्या. शिकलेल्या माणसांचं हेच होतं, शब्दात अडकतात. सर्वसामान्य माणूस बघा, त्याला भावना कळते.” “माझ्या नवऱ्याला ट्रक येणार अशी भावना कळली आहे.” एक क्षण त्याच्या पापण्या जराशा मिटल्या, जसं दुकानाचं शटर कुणीतरी अर्धं ओढून परत वर करावं. मग तो हसला, “घरात संवाद हवा, ताई,” आणि बाहेरच्या पुढच्या माणसाला हाक मारली. रस्त्यावर आल्यावर मला कळलं की हा बोलून मोकळा झाला. सगळा वेळ तो हेच करतो. बोलतो आणि मोकळा होतो. बांधले जातो आम्ही. आमच्या ताटात थेंब पडतो.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याशी बोलले. भांड्यांतून नाही. मुंगी नणंदेकडे होती. मी म्हणाले, “तुझी नोकरी जावी असं मला वाटत नाही.” तो म्हणाला, “तिच्या दप्तरावरचा ओरखडा मला दिसत नाही असं तुला वाटतं?” आणि मग ती कडी, जी आम्ही दोघं इतकी वर्षं बाहेरून बघत होतो, ती त्यानं काढली. त्यानं सांगितलं की ट्रक सोडताना तो दर वेळी खाली येतो, शाळेच्या फाटकाशी उभा राहतो, आणि मुंगीच्या वयाचं एखादं मूल दिसलं की ट्रक थांबवायचा हात वर करतो. पण हात वर केला तरी ड्रायव्हरला तो आरशात दिसतोच असं नाही. “रात्रीचं नाही,” तो म्हणाला, “दिवसाढवळ्या मला घाम फुटतो. तुला सांगू कसं? तू त्या खिडकीत. मला खालून दिसतेस.” मी इतके दिवस त्याच्याकडे बघत नव्हतेच, मी त्याच्या हातापलीकडच्या ट्रककडे बघत होते. मग मी त्याला ला आणि पासून समजावलं. तो हसायला लागला. हसता हसता म्हणाला, “मुकादमाला हे सांगितलं पाहिजे. त्याला अशी कोडी आवडतात.”

बेत काही मोठा नव्हता. निवडणुकीआधी बरोबरसाहेब शाळेच्या सभागृहात पालकांना पुन्हा भेटणार, असं मुख्याध्यापिकाबाईंनी कळवलं होतं. नवऱ्यानं गोदामात एवढंच सांगितलं, साहेब शाळेत रस्त्याबद्दल बोलणार आहेत, ज्याला ऐकायचंय त्यानं यावं. यात खोटं काय होतं? नणंद दारात उभी राहिली, आल्यागेल्याला जागा दाखवत, लग्नघरच्या वरमाईच्या थाटात. आया पुढच्या बुटक्या बाकांवर बसल्या, मुलांचीच बाकं ती. मागे भिंतीला टेकून हमाल, ड्रायव्हर, आणि मध्ये मुकादम, राखाडी मिशांचा, छाती पिंपासारखी, बाहीवर गोणीचे धागे चिकटलेले. त्याला कुणीतरी बाकावर बसवलं तेव्हा त्याचे गुडघे हनुवटीला लागले आणि मागून कुणीतरी म्हणालं, “मुकादम, पहिलीत नाव घातलंत काय?” तो म्हणाला, “घातलं असतं, पण बाई पास करणार नाहीत.” आया हसल्या. मला तेव्हाच वाटलं, आज काहीतरी होणार.

बरोबरसाहेब आला, हात जोडून, डावीकडून उजवीकडे नजर फिरवत, आणि नजर मागच्या भिंतीशी अडली. मी बघत होते. जोडलेले हात तसेच राहिले, फक्त अंगठे एकमेकांवर फिरायला लागले. पण तो कसलेला माणूस. चार पावलांत सावरला. शाळा म्हणजे मंदिर, श्रम म्हणजे पूजा, दोन्हींच्या वाटा एकाच रस्त्यावरून जातात, असं काहीतरी गोल गोल बोलत गेला, आवाज चढत गेला, आणि सवयीनं, अगदी सवयीनं, हात वर करून त्यानं ते वाक्य टाकलं, “आणि म्हणून सांगतो, हा रस्ता मी मोकळा करणार!” टाळ्या झाल्या. पुढून झाल्या, मागून झाल्या. आणि मग ती गोष्ट घडली जी मी जन्मात विसरणार नाही. पुढच्या टाळ्या आणि मागच्या टाळ्या जिथे एकमेकींना भेटत होत्या, सभागृहाच्या मधोमध, तिथे लोकांनी वळून बघितलं. एक आई एका हमालाकडे बघत होती. दोघांचेही तळवे टाळी वाजवण्याच्या बेतात हवेत थांबलेले. तू कशाला वाजवतोस? आणि तू गं? तिथून टाळ्या विझायला लागल्या, मधून कडेकडे, पाण्यात दगड पडल्यावर लाटा पसरतात तशी शांतता पसरत गेली, आणि शेवटी एकटा कुणीतरी कोपऱ्यात वाजवत राहिला आणि ओशाळून थांबला.

मी उभी राहिले. खाली बस, खाली बस, असं आत कुणीतरी, माझ्याच आवाजात, आयुष्यभर मला सांगत आलेलं. मी बाकाची कड धरली, लहान मुलांनी कर्कटकानं कोरलेली ती कड बोटांना खडबडीत लागली, आणि मी म्हणाले, “साहेब, एकच विचारायचंय. रस्ता मोकळा करणार तो ट्रकला, की ट्रकपासून?” आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. तो हसला. “बरोबर आहे तुमचा प्रश्न,” तो म्हणाला, आणि सभागृहात खसखस पिकली. त्याला कळेना का हसले. “बघा, ताई शिकलेल्या आहेत, त्या व्याकरणात अडकतात…” “साहेब,” मागून मुकादमाचा आवाज आला, जाड, गोणी पाठीवरून उतरवल्यासारखा, “मी चार बुकंसुद्धा शिकलो नाही. पण मलाही तेच विचारायचंय. ला की पासून?” “दोघांसाठी,” बरोबरसाहेब म्हणाला, “सर्वांसाठी!” “साठी नाही विचारलं!” एक आई ओरडली, तीच, जी पहिल्या सभेत रडली होती. मग कुणीतरी पुढून म्हणालं “ला?” आणि कुणीतरी मागून म्हणालं “की पासून?” पुन्हा पुढून ला, मागून की पासून, मुलं दारातून डोकावून त्यात सामील झाली, त्यांना तो खेळच वाटला, आणि साऱ्या सभागृहाचा पाढा झाला. मी शब्दांना प्रत्यय लागताना खूप पाहिलेत, पण प्रत्ययाला एवढी माणसं लागलेली पहिल्यांदाच पाहिली. तो घामेघूम झाला. “मी अभ्यास करून सांगतो,” तो म्हणाला. “परीक्षा जवळ आली, साहेब!” हे नणंदेनं दारातून म्हटलं. आणि तो दुसरीकडे कार्यक्रम आहे म्हणून निघाला, तिच्या समोरून, आणि तिनं हात पुढे करून त्याला वाट दाखवली. “या हो,” ती म्हणाली, “रस्ता मोकळाच आहे.”

तो गेला, पण कुणी उठलं नाही. हेच खरं. इतका वेळ दोन्ही बाजूंच्या मधे तो उभा होता. तो गेल्यावर समोरासमोर आम्हीच उरलो, आणि पहिल्यांदा वाईट वाटलं ते याचं की आम्ही इतके दिवस एकमेकांकडे पाठ करून त्याच्याकडे तोंड करून उभे होतो. मुकादमानं मला विचारलं, “वहिनी, आमच्या गाडीचा तो आवाज काढते, ती पोर तुमची का?” मी हो म्हणाले. “पोरं त्या आवाजाला घाबरत नाहीत, हेच आमचं दुखणं,” तो म्हणाला. मग एक ड्रायव्हर बोलला, तरणा, बोलताना सारखा टोपी फिरवणारा. म्हणाला, “बाई, उलटं येताना आरशात फक्त मोठी माणसं दिसतात. खालचं दिसत नाही. मी गाडी बाहेर काढतो तेव्हा श्वास धरून ठेवतो. कोपऱ्यावर आलो की सोडतो. घरी मलाही लहान आहे.” मी त्याच्याकडे बघत राहिले. खिडकीत उभी राहून मी ज्याला राक्षस समजत होते, तो आत बसून माझ्यासारखाच श्वास धरून होता. त्यानंतर सगळं सोपं झालं, म्हणजे भांडण झालं, आवाज चढले, मुख्याध्यापिकाबाईंनी टेबलावर डस्टर आपटलं, पण ते भांडण घरच्यासारखं होतं, संपणारं. ठरलं ते असं. शाळा भरताना आणि सुटताना ट्रक रस्त्यावर येणार नाहीत. रिक्षा आणि आया फाटकासमोर घोळका करणार नाहीत, बाजूच्या भिंतीशी थांबतील. आणि एरवी ट्रक उलटा येईल तेव्हा गोदामाचा माणूस त्याच्या मागून चालेल, आरशात दिसेल असा. मालक ऐकेल का, असं कुणीतरी म्हणालं. मुकादम गुडघ्यांवर हात देऊन त्या बुटक्या बाकातून उठला. “मालकाला मी बघतो. गाड्या भरणारे आम्हीच आहोत.” मालकानं कुरकुर केली, आठवडाभर नवऱ्याशी बोलला नाही, गोदाम हलवण्याचं नाव मात्र पुन्हा काढलं नाही. नवऱ्यानं ट्रकचं सगळं वेळापत्रक नव्यानं बसवलं आणि जेवताना पहिल्या घासाबरोबर मला सांगितलं. पूर्ण वाक्यात.

बरोबरसाहेबाचं म्हणाल तर शाळेतला तो पाढा त्याच्या पुढेपुढे चालत गेला. नदीपलीकडच्या वस्तीत तो बोलायला उभा राहिला की मागून कुणीतरी विचारायचंच, ला की पासून? तिथल्यांना आमचा रस्ता माहीतही नव्हता. पण त्यांचेही काही रस्ते असतीलच. तो पडला. निवडून आली ती एक कमी बोलणारी बाई, पूर्वी दवाखान्यात औषधं द्यायची. तिची पहिली सभा शाळेतच झाली. आम्ही तिच्यापुढे दोन गोष्टी मांडल्या. एक तिनं मान्य केली, काय करणार, कुठे करणार, कुणी करणार, सगळं सांगून. दुसरी ऐकून म्हणाली, “हे माझ्याच्यानं होणार नाही. खोटी आशा लावत नाही.” आणि मग, कुणी सुरुवात केली ते कळलं नाही, टाळ्या पडायला लागल्या. नाही या शब्दाला! माझ्या आयुष्यात मी एवढ्या मनापासून टाळ्या वाजवल्या नव्हत्या. मुकादम तर दोन बोटं तोंडात घालून शीळ वाजवत होता.

आणि तरीही माझ्या जिवाचं काय, ते व्याकरणानं सुटत नाही. रस्ता सुटला, दोरी नाही. रस्ता आता रिकामा असतो, सकाळच्या वेळी तर इतका रिकामा की उन्हात कुत्रं मधोमध पाय पसरून झोपतं, आणि तरी मी मुंगीचा हात धरूनच तिला पलीकडे सोडत होते. काल ती फाटकाशी थांबली आणि म्हणाली, “आई, तू रोज एवढा घट्ट धरतेस की माझी बोटं झोपतात.” नवरा खालून बघत होता. नणंद वरून. मी म्हटलं, उद्यापासून नाही. आणि उद्या म्हणजे आज. आज सकाळी मी तिला दारात बूट घातले, वेणीच्या रिबनची गाठ सरळ केली, आणि हात सोडला. ती जिन्यातून उतरत गेली, मध्येच थांबली, बहुतेक काहीतरी उचलत असेल. मी खिडकीशी गेले नाही. मी ठरवलंय, जायचं नाही. पाठ खिडकीकडे करून मी इथे ओट्याशी उभी आहे आणि माझ्या मानेतली शीर न् शीर मागे वळायला बघते आहे, पण मी वळणार नाही. जिंकलोय आम्ही, आणि जिंकलेल्या बाईनं वळून बघायचं नसतं. तुम्ही आत्ता वाचता आहात, तुमची मान मोकळी आहे. माझं एवढं काम करा. खाली बघा. निळं दप्तर, त्याच्यावर काळा ओरखडा, मान खाली घालून चालते, घाई अजिबात करत नाही. ती शाळेच्या फाटकाच्या आत गेली का?